धाव म्हणा

भिंगरी हे नाव मी ठेवलं. शाळेत तिचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण हाक मारायला कुचकामी. ते पुरतं तोंडातून बाहेर पडेपर्यंत पोरगी गल्लीच्या टोकाला पोचलेली असते.

मी त्यांच्या घराखालची खोली दुकानासाठी भाड्याने घेतली तेव्हा ती पहिलीत होती. माझं काम कपडे दुरुस्तीचं. पँट आखूड करायची, चेन बदलायची, सुटलेल्या पोटांसाठी शिवणी उसवून द्यायच्या. वर भिंगरी आणि तिचा बाप, दोघंच. बाप खिडक्यांना काचा बसवायचा. कामावर त्याच्या हातून काचेचा टवकाही उडत नसे, आणि घरी राग आला की कपबशी म्हणू नका, ताट म्हणू नका, हाताला लागेल ते भिंतीवर. छतातून मला सगळं ऐकू यायचं. आधी त्याचा आवाज चढायचा, मग काहीतरी फुटायचं, मग जिन्यावर धडधड आणि माझ्या दारासमोरून पोरगी सुसाट. पोरीच्या अंगाला त्याने कधी हात लावला नाही, हे तो फार मोठेपणाने सांगायचा. जसं काही बक्षीसच द्यायला हवं.

पहिल्यांदा तिला तशी जाताना पाहिलं तेव्हा मी मशीन थांबवून ओरडले, “अगं, कुठे निघालीस?”

“आईला गाठायला!”

आई त्याच वर्षी गेली होती, मी यायच्या जरा आधी. मी तिला पाहिलेलं नव्हतं, पण शेजारणींनी माझं सामान लागायच्या आत सगळं सांगून टाकलं. “पळाली,” म्हणाल्या. कुणाबरोबर ते एकीलाही सांगता येईना, पण पळाली म्हटलं की कुणीतरी असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. हा शब्द पहिल्यांदा बापानेच काढला होता. ‘माझ्या तापटपणाला कंटाळून गेली’ म्हणायला जीभ रेटावी लागते. ‘पळाली’ म्हटलं की काम भागतं, सगळा दोष जाणाऱ्याच्या माथी.

पण सहा वर्षांच्या पोरीने तो शब्द जसा ऐकला तसाच घेतला. आई पळाली म्हणजे पायांनी पळाली. मग आपण तिच्यापेक्षा जोरात पळायला शिकलो की ती सापडेल, इतकं सरळ. एसटी डेपोपर्यंत जाऊन ती परत यायची, माझ्या चिंध्यांच्या गाठोड्यावर बसून धापा टाकायची आणि म्हणायची, “आजपण नाही सापडली. मावशी, आई फारच जोरात पळते गं.”

मी उगाच ओवलेलीच सुई पुन्हा ओवत बसायची.

शब्दाचा खरा अर्थ तिला शाळेने शिकवला. बाकी काही शिकवलं की नाही देव जाणे, हे मात्र नीट शिकवलं. तिसरी-चौथीपासून ती वर्गात शिरली की पोरं बाकांवर बोटं वाजवायची, टपटप टपटप, पळणाऱ्या पावलांसारखी. बाई आल्या की बोटं गप्प. तिच्याच गल्लीतला एक जाडा, ढोल्या म्हणायचे त्याला, तो तर मोठ्याने विचारायचा, “पळपुटे, आईचा पत्ता लागला का?” ती शर्यतीत पहिली आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, “येणारच, आईवर गेलीय!” आणि अख्खा वर्ग खिदळला.

हे तिने मला सांगितलं ते युनिफॉर्मची उसवलेली बाही शिवून घेताना. रडली नाही. बाहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मावशी, पळून जाणं म्हणजे ते असतं होय? मग मी इतके दिवस कुणाच्या मागे पळत होते?”

मला वाटलं, आता हिचं पळणं सुटणार. सुटलं नाही. उलट वाढलं. सकाळी शाळेच्या आधी, संध्याकाळी शाळेनंतर, आणि वर काही फुटलं की मधल्या वेळीही. डेपोचा रस्ता, बंद कारखान्याची लांबलचक भिंत, पाण्याच्या टाकीला वळसा आणि परत. फक्त एक बदल झाला. खेळाचे सर मैदानाच्या कडेने ओरडायचे, “पळ, पळ!” आणि ही चक्क थांबायची.

“सर, धाव म्हणा.”

“अगं, दोन्ही एकच.”

“नाही सर, एक नाही.”

सर बिचारे साधे होते. त्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून तिच्यापुरता शब्द बदलला. सवयीने तोंडातून ‘पळ’ निघालाच तर जीभ चावायचे. त्या शाळेत अक्कल असलेला तेवढा एकच माणूस, असं माझं मत आहे.

मी तिला उरलेल्या कापडाच्या हाफ पँटी शिवून द्यायची. एकदा कंबरेचं माप घेताना विचारलं, “एवढं धावताना मनात काय असतं गं?”

“पुढे एक पाठ दिसते,” ती म्हणाली. “आधी ती वळून बघायची. आता नाही वळत. आईचा चेहराच विसरलेय मी.”

आरशात तिचं माझ्याकडे लक्ष होतं, म्हणून मी टेपकडे बघत राहिले. घरात आईचा एकही फोटो नव्हता. बापाने कपबश्यांबरोबर तेही फोडले होते.

ती दहावीत होती तेव्हा दुकानात फोन आला. कुणीतरी बाई, अडखळत बोलणारी. “तुम्ही खालच्या दुकानातल्या ना? वरची... वरची मुलगी कशी आहे?” मी समजले. लगेच राग आला. नाकावरच असतो माझ्या. म्हटलं, “इतक्या वर्षांनी?” पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, “आधी राहायला जागा नव्हती. जागा मिळाली तोवर तोंड राहिलं नव्हतं.” एकदा कोपऱ्यापर्यंत आली होती म्हणे. माझ्या पाटीवरचा नंबर लांबूनच टिपून परत गेली. आता शेजारच्या गावात वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिथेच राहत होती. बरोबर कुणी नव्हतं. कधीच नव्हतं.

भिंगरीला सांगितलं तर ती नखं खात म्हणाली, “रविवारी जाऊ.” बापालाही तिनेच सांगितलं. मी खाली कान टवकारून बसले होते, पण त्या दिवशी वर काही फुटलं नाही.

वसतिगृहाच्या फाटकापाशी आम्ही उभ्या राहिलो. आत लांब सरळ रस्ता, दोन्हीकडे झाडं, आणि पार टोकाकडून एक बाई चालत येत होती. भिंगरीने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं कळवळली. मला वाटलं, आता ही बाणासारखी सुटणार. पण तिचे पाय जागचे हलेनात. बाई चार पावलं चालायची, झाडाला हात टेकून थांबायची, पुन्हा चार पावलं. तिला धाप लागत होती. आमच्याजवळ पोचली तेव्हा ओठ निळसर झाले होते. बोलता येईना, म्हणून ती नुसती हसली आणि पोरीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपत राहिली.

“पहिल्यापासूनच आहे हे,” श्वास सापडल्यावर म्हणाली. “छातीचं.”

मग दोघी त्या रस्त्याने चालू लागल्या, मी जरा मागे. थोडं गेलं की आई थांबायची आणि बोट दाखवायची. “ते बघ, खार.” पुन्हा थोडं गेलं की, “तो बघ, फुगा अडकलाय वर.” भिंगरी बघायची, आणि अचानक रडायलाच लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

“लहानपणी पण तू अशीच थांबायचीस,” ती म्हणाली. “मला वाटायचं, मला गमती दाखवायला थांबतेस.”

“दाखवायलाच गं,” आई म्हणाली. “आणि थोडी दमायचे पण.”

निघायच्या आधी भिंगरीने आईकडून, ती घर सोडून गेली त्या दिवसाचं सगळं विचारून घेतलं.

बाप माझ्या दुकानाच्या बंद दारापाशी आमची वाट बघत उभा होता. मी कुलूप काढायला गेले तसा जरा बाजूला झाला, मग मागोमाग आत आला. शेवटी म्हणाला, “भेटली?”

“बाबा, तिला दम लागतो. तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग पळाली का म्हणालात? तिला पळता कुठे येतं? ती चालत गेली. हातात पिशवी, प्रत्येक खांबापाशी थांबत. इथून डेपोपर्यंत. केवढा वेळ लागला असेल तिला! मी शाळेत होते. तुम्ही तर घरात होतात.”

मला वाटलं, हा आता माझी कात्री तरी भिरकावणार. पण त्याने नुसतं काउंटरच्या कडेला धरलं. केस पिकले होते त्याचे, माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

“खिडकीत होतो,” तो म्हणाला. “दिसत होती वळणापर्यंत. थांबली की वाटायचं, आता मागे फिरेल. आता फिरेल.”

“तिलाही वाटत होतं,” भिंगरी म्हणाली, “आता कुणीतरी येईल.”