तळ्यात भरलेलं पाणी

अन्याय एका चित्रकारावर झाला. यंदाच्या दुष्काळात, अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी, शिरूर कासारजवळच्या एका गावच्या शेतकऱ्यांच्या सोसायटीत.

एसटीनं गावोगाव फिरून तो बारवा, वेशी, माळरानं रंगवतो. साठी कधीच उलटली आहे. काढायला बसला की ब्रशचा दांडा समोर धरतो, एक डोळा मिटतो आणि दमलेल्या आवाजात म्हणतो, "हाय तेवढंच काढायचं." दुष्काळात पाण्याचे रंग तो पिशवीतून बाहेरच काढत नाही, तेलरंगच वापरतो. मी एकदा विचारलं, कावून? म्हणाला, "ब्रश धुवायला बायांच्या घागरीतलं पाणी कोन्या तोंडानं मागू?"

सोसायटीनं त्याच्याकडून आपली नवी इमारत आणि तिच्यामागचं तळं यांचं चित्र काढून घेतलं. तळं त्यानं भेगाळलेलंच काढलं. चेअरमन म्हणाले, "पेंटर, थोडं पाणी भरा की. पाव्हणे येनार हायत."

"आदी टँकर भरा मालक, मग मी भरतो."

चेअरमन हसले. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते, म्हणून त्यांनी गावातल्या बोर्ड रंगवणाऱ्याकडून चित्रातलं तळं निळं करून घेतलं.

मी त्याच्यासोबत तिथंच होतो, भांडायला उठलो. चित्रकारानं माझा हात धरला, खिशातून पातं काढलं आणि चित्रावरची स्वतःची सही खरवडून टाकली. "चाळीस वर्सांत पयल्यांदा," एवढंच म्हणाला आणि गेवराईच्या एसटीत जाऊन बसला.

ते चित्र सोसायटीत अजून टांगलेलं आहे. सभासदांनो, पुढच्या सभेत उठा आणि चेअरमनला तोंडावर विचारा, हे पाणी कोणी भरलं?