हिच्या मडक्याची बिअर

तेराव्याला घर धुवायला काढलं, तेव्हा मी हिचं आंबिलीचं मडकं उचललं आणि खाली आमच्या गिरणीत नेऊन पिठाच्या डब्यामागे ठेवलं. सुतक फिटलं की मातीची भांडी घरात ठेवत नाहीत, हे मलाही कळतं. माझी धाकटी बहीण दारात उभी राहून एकेक भांडं बाहेर काढत होती. माठ गेला, खापराचा तवा गेला. मग ती म्हणाली, "दादा, वहिनीचं आंबट मडकं कुठाय?"

"फुटलं."

"कधी?"

"फुटलं म्हटलं ना. तुकडे दाखवू?"

तिनं पुढचं भांडं उचललं. नुकतीच बायको गेलेल्या माणसाशी कोण वाद घालणार.

आमची गिरणी म्हणजे कसबा पेठेतली दळणाची. चौथी पास झालो आणि तिथं उभा राहिलो, गुडघे गेले तेव्हा बसलो. आता चक्की बंद आहे. शटर मात्र सकाळी उघडतो, सवय म्हणून.

ही उन्हाळाभर आंबील करायची. ज्वारीचं पीठ मडक्यात भिजवून आंबू द्यायचं, लागेल तेवढं काढून उकळत्या पाण्यात शिजवायचं, गार झालं की ताक, मीठ, ठेचलेला लसूण. पण मडकं तिनं कधी पुरतं रिकामं केलं नाही. दोन बोटं आंबट पीठ बुडाला ठेवायची, त्याच्यावर दुसऱ्या दिवशीचं पीठ. साबण त्याला कधी लागला नाही. थंडीत आंबील कोण पितंय, तरी मूठभर पीठ टाकून ती ते जगवायची. जगवायची हा तिचाच शब्द. मडकी फुटली, नवी आली, आंबट तेच राहिलं, जुन्यातलं काढून नव्यात घातलेलं. लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यापासूनचं.

आमचे जावई बिअर करतात. लोणी काळभोरच्या पुढे त्यांचा लहानसा कारखाना आहे, राहायला वारज्याला. लेकीनं लग्न स्वतःच ठरवलं तेव्हा ही म्हणाली, "एवढी शिकवली, आणि चालली दारूवाल्याच्या घरी." मग पहिल्याच उन्हाळ्यात जावयांनी आंबिलीचा तांब्या तोंडाला लावला, संपवला, आणि विचारलं, "आई, यात काय घालता?"

"काय घालणार? पीठ."

"हा असा आंबटपणा यायला आम्ही महिनोन्‌महिने धडपडतो. मला यातलं चमचाभर द्याल?"

"प्यायला हवी तेवढी प्या. माझ्या मडक्याची दारू होणार नाही."

जावयांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. आणि हिनं त्या दिवसापासून रविवारी त्यांच्यासाठी जास्त आंबलेली वेगळी काढून ठेवायला सुरुवात केली. मी म्हटलं, मला कधी ठेवली नाहीस. तर म्हणे, "तुम्हाला काय कळतंय आंबट. दारूवाल्याला पांचट चालत नाही."

ती गेल्यावर ते मडकं माझ्या गळ्यात आलं. पीठ कधी टाकायचो, कधी विसरायचो. स्वतःच्या जेवणाचं लक्षात राहत नव्हतं, मडक्याचं कुठून राहणार. एके दिवशी सकाळी झाकण काढलं तर वर काळपट हिरवी बुरशी. वास आंबट नव्हता, ओल्या पायपुसण्यासारखा होता. मी तिथंच पोत्यावर बसलो. हिला नेलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्यावर नातेवाईकांनी बोलूनही घेतलं. त्या दिवशी आलं. बघायला कोणी नव्हतं ते बरं.

मी जावयांना फोन लावला. त्यांना स्वतःहून फोन करण्याची माझी ती पहिलीच वेळ. एरवी लेक मध्ये असते.

"बाबा? काय झालं? तुमची लेक तुमच्याकडे निघाली होती का?"

"तिला काही झालं नाही. मडक्याला झालंय."

दुपारी आले. गिरणीत उकिडवे बसले, चमच्यानं बुरशी अलगद बाजूला केली, आणि खालचं थोडंसं बरणीत काढलं.

"जिवंत असेल," म्हणाले.

"असेल म्हणजे?"

"खात्री नाही देत, बाबा."

"मग आलात कशाला?"

"तुम्ही बोलावलं म्हणून."

 मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

मधल्या दिवसांत मी मडकं कढत पाण्यानं धुतलं आणि गच्चीत उन्हात पालथं घातलं. रविवारी ते लेकीसोबत बरणी घेऊन आले. बुरशी अजिबात नव्हती. जावई रोज थोडं काढून नव्या पिठात घालत राहिले होते. झाकण काढलं आणि मला स्वयंपाकघराचा वास आला. आमच्या, ही असतानाच्या. मी ते मडक्यात ओतलं. थोडं बाहेर सांडलं.

"तुमच्याकडे अजून असेल की," मी विचारलं.

"आहे थोडं. टाकून देतो आता."

"टाकून का?"

"आईंनी नको म्हटलं होतं."

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी मडक्याकडे बघत बसलो. हिचा शब्द मी मोडू का, हा प्रश्न होता, आणि विचारायला ती नव्हती. आम्ही दोघांनी तिचा शब्द पाळला तर तिचं आंबट फक्त माझ्या हातात राहणार, आणि माझ्या हाताचा भरवसा मी पाहिला होता. मी पुन्हा विसरेन. नाहीतर मीच जाईन एक दिवस, आणि माझ्या तेराव्याला बहीण आधी पिठाच्या डब्यामागे बघेल.

"टाकू नका," मी म्हटलं. "करा तुमची बिअर. तिला मी सांगेन."

ती बिअर लवकर होत नाही म्हणे. विकतचं यीस्ट त्यात घालत नाहीत. सातूच्या काढ्यात हे मडक्यातलं आंबट घालून लाकडी पिंपात ठेवून देतात, आणि वाट बघतात. वाट बघण्याची मला आता सवय आहे.

पुढच्या उन्हाळ्यात लेक मला गाडीतून कारखान्यात घेऊन गेली. सासऱ्यानं जावयासमोर प्यायला बसायचं म्हणजे मला अवघडल्यासारखं होत होतं. जावई माझ्याहून अवघडले होते, ग्लास दोनदा पुसला. लहान ग्लास, त्यात फिकट पिवळी, जरा गढूळ बिअर. पेजेवर ऊन पडावं तसा रंग. वर बारीक फेस.

"आधी वास घ्या, बाबा."

घेतला. कैरी सोलताना येतो तसा.

"आता अगदी थोडी. लगेच गिळू नका."

जिभेवर आली तेव्हा काहीच वाटलं नाही. पाण्यासारखी हलकी. मग कानाखाली, जबड्याच्या मुळाशी, कळ आली. लिंबू टोचतं तसं नाही, सावकाश. हिची आंबील तिथंच लागायची. गिळल्यावर तोंड कोरडं, स्वच्छ झालं, आणि अगदी शेवटी चक्कीतून गरम ज्वारी पडताना येतो तो वास आला. जावई माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ आहे का?" मी विचारलं.

"बिअरमध्ये?"

"आंबिलीत असतं."

लेकीनं जेवणाच्या डब्यातली मिठाची पुडी दिली. मी चिमूटभर टाकलं, फेस वर आला.

"लसूण नाही ना घालायचा?" जावयांनी विचारलं.

"आज नको."

मीठ घालून प्यायलो. मग त्यांनीही आपल्या ग्लासात मीठ टाकलं, प्यायले, आणि तोंड फिरवून पिंपाकडे बघत उभे राहिले. लेक नुसती माझा हात धरून बसली होती.

ती हिची आंबील नव्हती. खोटं कशाला लिहू. पण पोरगी सासरी गेली की तिचं बोलणं बदलतं, हसणं तेच राहतं, तसं काहीसं होतं. मी दुसरा ग्लास मागितला.

"चांगली झालीय का, बाबा?"

"पांचट नाही," मी म्हटलं. यापेक्षा मोठी पावती आमच्या घरात कोणाला मिळालेली नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी घरी आलो. मडक्यात मूठभर पीठ आणि पाणी घातलं, आणि तिला सांगायचं कबूल केलं होतं ते सांगितलं. म्हटलं, केली बघ तुझ्या मडक्याची दारू. मीच करायला सांगितली, जावयांना बोलू नकोस. बरी झालीय. रविवारी त्यांच्यासाठी जास्त आंबलेली ठेवतो, ते माझ्याकडे लागलं.

सकाळी झाकण काढलं तर पीठ फसफसून काठापर्यंत आलं होतं. उन्हाळा होता, येणारच. तरी मी तो हिचा होकार धरला, दोन बोटं बुडाला ठेवली आणि बाकीचं शिजवायला घेतलं.