झाईच्या वाळवणावरून गेलेली शर्यत

सांगलीहून निघताना शेजारीण म्हणाली, "अहो बाई, या वयात पळायला एवढ्या लांब?" मी म्हटलं, "जवळपासचं सगळं पळून झालंय." जन्मभर शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून मुलांना पळवलं. निवृत्त झाल्यापासून स्वतः पळते, आणि पळण्याच्या निमित्ताने गावं बघते, खाते, भांडते. यंदा डहाणूची पाळी होती. डहाणूपासून झाईपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने दौड, तीही आंतरराष्ट्रीय!

डहाणू रोडला उतरले तर फलाटावरच चिकूच्या करंड्या. विकणारी बाई एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी गुजरातीत आणि माझ्याशी हिंदीत बोलली. मी सांगलीची, मला चिकूतलं काय कळणार, पण पहिलाच खाल्ला आणि लगेच दुसऱ्याला हात घातला. माझी मैत्रीण सुमन स्टेशनला लागूनच मसोलीत राहते. तिचे यजमान रेल्वेत होते. रात्री तिने उकडहंडी (मडक्यात वाफवलेले कंद आणि शेंगा) वाढली. "उद्या पळायचं नाही ना? मग खा," म्हणून दोनदा वाढली.

दुसऱ्या दिवशी शर्यतीचा नंबर घ्यायला तलासरीला जावं लागलं. महामार्गालगतच्या एका रिसॉर्टमध्ये आयोजकांनी टेबलं मांडली होती. मिळालेल्या पिशवीवर वारली चित्रातली माणसं फेर धरून नाचत होती. खरी वारली माणसं मात्र बाहेर गाड्या लावून घेत होती. पिशवीत एक नकाशा निघाला. त्यात सगळा किनारा कोरा पिवळा आणि त्यावर छत्र्या. एक होडी नाही, एक घर नाही. शेवटी झाई, आणि झाईवर एक कमान. शर्यत आंतरराष्ट्रीय कशी, असं विचारलं तर टेबलावरचा तरुण म्हणाला, "मॅडम, तीन फॉरेनर आहेत. शिवाय गुजरात बॉर्डर लागते ना!" 'बॉर्डर' ऐकून मी हात जोडले.

कमान कुठे आहे ते तरी बघावं म्हणून दुपारच्या एसटीने झाईला गेले. वाळूत कमान आणि शेजारी स्टेज उभं होतं, आणि तिकडे नेणारे वाटेचे झेंडे रोवलेले होते. नकाशात जिथे छत्र्या होत्या, तिथे वाळूवर जुनी जाळी अंथरून जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळत घातला होता. गुलाबी, कागदासारखा हलका. फोटो काढायला मी एक पाऊल पुढे टाकलं आणि मागून आवाज आला, "ओ बाई! बूट!"

मी जागीच थिजले. पापडांवर चप्पल घालून गेले असते तर आईने काय केलं असतं? वाळवण ते वाळवण, पापडाचं काय आणि जवळ्याचं काय. बूट हातात घेऊन माफी मागितली. ओरडणाऱ्या होत्या जमनाकाकी. साठीच्या पुढच्या, हातात खराटा. "इथं लहान पोरगा बी बूट घालून येत नाय," त्या म्हणाल्या. "लोकांच्या तोंडात जातंय हे."

तेवढ्यात आयोजकांचा माणूस आला. गळ्यात पट्टा, त्याला ओळखपत्र.

"मावशी, उद्या सकाळी हे सगळं उचला. इथून रनर येणार."

"उद्या सकाळी होडी येल. ओला जवळा उतरेल. तो कुठं पसरवू, तुमच्या स्टेजवर?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"जवळ्याला एकच दिवस असतो, भाऊ. आज ऊन लागलं नाय तर संध्याकाळी सडला. मग मी काय विकू? ही जागा माझ्या सासूने मला दाखवली हाय. तू तुझी कमान हलव."

"परमिशन आहे आमच्याकडे," असं म्हणून तो निघून गेला. काकी पुन्हा जवळा परतायला लागल्या. बाजूने पाण्यापर्यंत भरपूर ओली वाळू मोकळी होती. झेंडे चार हात सरकवले असते तरी भागलं असतं. पण मग धावणारे, कमान आणि समुद्र एकाच फोटोत नीट आले नसते!

शर्यतीच्या सकाळी हवा गार होती आणि पाय हलके. सुरूची झाडं, बोर्डीच्या वाड्या, शेकोटीपाशी हात शेकणारे लोक सगळं मागे पडत गेलं. झाईजवळ आले तर कमान होती तिथेच, आणि तिच्या अलीकडे काकींचा ओला जवळाही होता तिथेच. झेंड्यांची वाट थेट त्याच्यावरून काढलेली. पुढचे धावपटू त्यावरून गेलेही होते. करड्या जवळ्यात बुटांचे ठसे उमटलेले, काही कडा वाळूत मिसळलेल्या. काकी खराटा आडवा धरून उभ्या होत्या आणि माईकवरून कोणीतरी ओरडत होतं, "कम ऑन, सरळ या, सरळ!"

मला संताप आला. कमान हाकेवर होती, पदक दिसत होतं. मी थांबले, बूट काढून बाजूला टाकले, काकींच्या शेजारी गेले आणि येणाऱ्यांकडे तोंड करून दोन्ही हात पसरले. मैदानावर कमावलेला गळा अजून शाबूत आहे.

"बूट असतील तर पलीकडून! पाण्याकडून जा!"

पहिला मुलगा बावरला आणि वळला. त्याच्यामागचे वळले. एक गृहस्थ "माझा टाइम गेला" म्हणून शिव्या देत वळले, पण वळले. एका उंच परदेशी बाईला मी खाली बोट दाखवलं, मग तोंडाकडे नेलं. तिला लगेच कळलं. ती ओल्या वाळूवरून गेली आणि जाताना मागच्यांनाही हाताने तिकडेच वळवत गेली.

गळ्यात पट्टा घातलेला कालचा माणूस धावत आला. "मॅडम, तुम्ही स्वतः कमान ओलांडली नाहीत तर बाद व्हाल!"

"होऊ दे."

"अहो, पदक मिळणार नाही!"

"ते पण होऊ दे. तू तेवढे बूट काढ, मग बोल."

शेवटी झेंडे सरकले. कोणी सरकवले ते पाहिलं नाही. मी खाली बसून काकींबरोबर जवळ्यातली वाळू झटकत होते. तुडवलेला भाग गेलाच, तो त्यांनी वेगळा काढला. बाकीचा दुपारपर्यंत वाळून गुलाबी झाला. निघताना थोडा मागितला, तर काकींनी पैसे घेतले. "फुकट देयाला तू पावणी हायेस का? आज तू कामाला होतीस." मग मापावर मूठभर जास्त टाकला.

परतीच्या गाडीत फोनवर निकाल आला. माझ्या नावापुढे 'शर्यत अपूर्ण' असं लिहिलेलं. खोटं आहे ते. मी जिथे थांबले तिथेच झाई होती, आणि नकाशात नुसती कमान असली तरी मी खरी झाई डोळ्यांनी पाहून आले. पुढच्या वर्षीही नाव घालणार आहे. कमान तिथेच असली तर पुन्हा अपूर्णच राहणार आहे.

समोरच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. "हा वास कसला हो?"

"आंतरराष्ट्रीय शर्यतीचा," मी म्हटलं. पिशवीचं तोंड मात्र बांधलं नाही.