करंट देणारा बाप

चिखलीहून येणारी जीप गावात जिथं थांबते, तिथल्या टपरीवर मागच्या उन्हाळ्यात चहाबरोबर एकच गोष्ट उकळायची: प्रेमानंद साउंडवाला आपल्या पोराला करंट देतो. बुलढाण्याच्या कोण्या मॅडमनं शिकवलं म्हणे, थेरपी म्हणतात त्याला. वायरी घरच्याच, लाइट घरचीच, मग काय. सांगणारा आधी बशीतला चहा फुंकायचा, मग आवाज खाली आणायचा. "डोयानं पाह्यलं बे. पोट्टं डब्ब्यावर हात ठेवून थरथर करे, अन् बाप बाजूले बसून बटन फिरवे."

पाहणाऱ्यानं पाहिलं ते खोटं नव्हतं. त्याला जे समजलं, ते खोटं होतं.

लग्नं नसली की प्रेमानंदचे स्पीकर घरामागच्या टिनाच्या खोलीत जुन्या चादरी पांघरून झोपलेले असतात. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे उतरतात आणि त्यांत धूळ इतकी सावकाश फिरते की बघणाऱ्यालाही जांभई येते. तिथं प्रेमानंद एक मोठा स्पीकर उताणा करायचा, त्याच्या पडद्यावर मूठभर ज्वारी टाकायचा आणि असा खोल आवाज लावायचा की तो कानाला कमी आणि पोटाला जास्त ऐकू यावा. दाणे आधी कुजबुजायचे. मग उठून चालू लागायचे, गोल धरायचे, मोडायचे, पुन्हा धरायचे, जणू एखादं इवलंसं गाव झोपेत चालतंय. सहा वर्षांचा धम्मरत्न, घरातला धम्मा, लाकडावर तळवा टेकवून थरथरायचा तो हसून. आवाज न करता हसणं, हे त्याचंच.

मग प्रेमानंद बटण बंद करायचा आणि त्याला सगळ्यात अवघड असलेलं काम करायचा, म्हणजे काहीच करायचा नाही. नुसता थांबायचा. धम्मा कधी त्याची बाही ओढायचा, कधी "अजू" म्हणायचा. त्यानं कसंही मागितलं की दाणे पुन्हा जागे. एवढाच तो करंट.

पण इथवर यायला प्रेमानंदला फार लांबून वळसा पडला होता.

धम्माला ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं आणि संजीवनी मॅडमकडं पाठवलं. बुलढाण्यात एका दवाखान्याच्या वरच्या माळ्यावर त्या लेकरांबरोबर जमिनीवर बसतात. पहिल्या भेटीला प्रेमानंदची पुतणी समताही गेली होती. ही पोरगी कुणाचाही आवाज काढते. सरपंचाचा, जीपवाल्याचा, खाटेखाली बसलेल्या मांजराचासुद्धा. हे लिहिणारीही तीच. त्या दिवशीचा काका ती अजून करून दाखवते, मान तिरपी, आवाज नाकातून: "मॅडम, हात झटकणं कमी करा, बोलणं जरासं वाढवा, अन् नजर सेंटरले आणा. किती दिवसांत सेट होईल?"

मॅडम हसल्या नाहीत. हात झटकतो तो खूश असला की झटकतो, त्यानं कुणाचं काय जातं, असं त्यांनी विचारलं. ऑटिझम जाणार नाही, धम्माला बदलून दुसराच मुलगा करायचा त्यांचा विचारही नाही. मागणं, नाही म्हणणं, वाट पाहणं, हे त्याला जड जातं, ते हलकं करता येईल का ते बघू, म्हणाल्या. प्रेमानंदनं सगळ्याला हो हो केलं आणि घरी येताना टॉफ्यांचं पाकीट घेतलं. थेरपीत टॉफी दाखवून शिकवतात, हे त्यानं मोंढ्यात ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात साउंड चेक सुरू झाला. धम्मा खुर्चीवर, त्याची हनुवटी बापाच्या चिमटीत, टॉफी वर हवेत. इकडं पाह्य. पप्पा म्हण. जमेपर्यंत सोडायचं नाही, कारण मांडवातही तो जमेपर्यंत सोडत नाही. पोरगं रडलं, चावलं, एकदा म्हणालंही "पप्पा", आणि त्या दिवशी प्रेमानंदनं अर्ध्या गावाला फोन केले. पुढं काय झालं ते त्याच्या लक्षातच आलं नाही. मंजुश्रीच्या, धम्माच्या आईच्या, आलं. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुमच्या टेम्पोचा आवाज आला की लेकरू कोठीमागं लपते. पाह्यलं काय तुम्ही?"

त्यानं पाहिलं नव्हतं. मांडवाच्या पार टोकाला उभं राहून कुठली वायर ढिली आहे ते ओळखणारा माणूस, आणि घरात धान्याच्या कोठीमागं पोरगं श्वास धरून उभं असायचं ते त्याच्या कानावर आलं नव्हतं.

तो तणतणत मॅडमकडं गेला. तुमच्या थेरपीनं पोरगं बिघडलं, म्हणाला. मॅडमनी त्याला काय केलं ते करून दाखवायला लावलं, टॉफीसकट. मग एवढंच म्हणाल्या की रडण्याकडं नंतर बघा, रडण्याच्या आधी काय झालं ते आधी बघा.

उत्तर मिळालं ते एका बारशात. ऐन नाव ठेवताना स्पीकर कर्कश किंचाळला आणि बाळाचा मामा डब्ब्याला थापा मारायला लागला. प्रेमानंद वैतागून म्हणाला, "डब्ब्याले कायले मारता भाऊ? माईक त्याच्या तोंडासमोर धरला, तं थो ओरडनच ना." माईक त्यानं बाजूला नेला. आवाज शांत झाला. बाकी लोक पेढ्यांकडं वळले आणि हा माईक हातात धरून उभाच. घरी आल्यावर मंजुश्रीला म्हणाला, "माईक तं मीच हावो."

मग खुर्ची गेली, टॉफ्या समताच्या पोटात गेल्या, आणि ज्वारी आली. पोरगं आपणहून कशाकडं जातं ते शोधा, असं मॅडमनी सांगितलं होतं. आणि त्यानं हात मागं ओढला तर सोडून द्या; नको म्हणणं हेही बोलणंच आहे. धम्मा आधी दारातून बघायचा, मग उंबऱ्यावर बसायचा, मग स्पीकरपाशी आला. पण आला तो दाण्यांसाठी. टेम्पो अंगणात शिरला की अजूनही कोठीमागंच. प्रेमानंदला नजर नको होती, शब्दही नको होता. पोरगं आपल्याजवळ येईल का, एवढंच त्याला कळायला हवं होतं, आणि ते तो कुणाला विचारत नव्हता.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी विहारातल्या कार्यक्रमासाठी तो टेम्पो भरत होता. धम्मा अंगणात चिंचोके मांडत बसला होता. समताला कार्यक्रमात माईक हवा होता आणि काका देत नव्हता. ती म्हणाली, धम्मा तुमच्या आवाजालाच भितो. मी तुमच्या आवाजात हाक मारते, तो पळाला तर माईक माझा. जमिनीवर बसून वायर गुंडाळणारा प्रेमानंद थांबला. पळाला असता तर ते त्याला बघायचं नव्हतं. तरी म्हणाला, "लाव पैज. नाई पळाला तं आजचा दिवस तू कोनाचाच आवाज काढाचा नाई."

समता टेम्पोमागं गेली. तिनं आधी काकाचं खाकरणं काढलं, मग नाकातली ती हाक: "धम्मा, ये रे." मंजुश्री घरातून "काय हो?" म्हणत बाहेर आली, इतकी ती हाक हुबेहूब होती. धम्मानं मान वर केली नाही. समतानं पुन्हा हाक मारली. तो उठला. प्रेमानंदनं वायरीकडंच बघत राहायचं ठरवलं. पावलं कोठीकडं गेली नाहीत. टेम्पोला वळसा घालून, समताच्या बाजूनं, ती जणू तिथं नाहीच असं समजून, धम्मा आला आणि बापाच्या पाठीला पाठ लावून बसला. मग आनंदानं हात झटकायला लागला. प्रेमानंदनं मागं वळून पाहिलं नाही. त्याच्या हातातली गुंडाळलेली वायर मात्र सगळी सुटली.

समता वाद घालायला पुढं आली, की धम्मा हाकेनं नाही, आपल्याच मनानं आला, मग पैज कुणाचीच नाही.

"हारली तू," प्रेमानंद पुटपुटला. "हळू बोल वं."

ती दिवसभर स्वतःच्या आवाजात बोलली. संध्याकाळी विहारात काकूनं तिच्या कपाळाला दोनदा हात लावून पाहिला, पोरीला ताप तर नाही.