बाबाचा चमचा आणि मरळ

गळ टाकणाऱ्या मित्रांनो, आजचं तुमालेच सांगतो.

बिमार बाबा चार दिवसांपासून पेजेशिवाय काही खाऊन नाही राह्यले. काल म्हणाले, "मरळ मासोळी भेटली तं दोन घास खाईन."

सकाळी घरातल्या पितळी चमच्याचा दांडा कापला. उरलेल्या पुढच्या भागाले भोक पाडून गळाच्या तारेत ओवला. चमकता पत्रा पाण्यात फिरला का मरळ त्याले बारकी मासोळी समजून धरते; पण वैनगंगेत ओढला, तं फिरेचना. दगडावर ठोकून अजून खोलगट केला, तवा भिंगरीवानी फिरला. पण खोलगट पत्रा दोऱ्यावर जास्त ताण देते, हे ध्यानातच आलं नाही. मरळ लागली, दोरा तुटला, सगळंच गेलं.

घरी आलो तं माय पेज घेऊन तोच पितळी चमचा शोधत होती. "दुसऱ्या चमच्यानं तोंड नाही उघडत रे तुहे बाबा."

मी परसात बसलो आहो. आत काय सांगून जाऊ?