हजचे पैसे
गादीतून कापसाचा तंतू उडाला, की मला सोलापुरातला तो म्हातारा पिंजारी आठवतो. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. मी बँकेत कारकून होतो आणि काउंटरखाली पुस्तक ठेवून बँकिंगच्या परीक्षेची घोकंपट्टी करायचो. एका रणरणत्या दुपारी तो पासबुक घेऊन आला. दाढीत कापूस अडकलेला. "साहेब, हजचे पैसे हायत हे. आमच्यात व्याज हराम. तेवढं काढून टाका की." मी मॅनेजरांना विचारलं. ते म्हणाले, बचत खात्यावर व्याज द्यावंच लागतं. मी हात जोडले. त्याने खातं बंद करून सगळे पैसे नेले. पुढच्याच रविवारी परीक्षेत पहिला प्रश्न आला, बचत आणि चालू खात्यातला फरक. 'चालू खात्यावर व्याज मिळत नाही,' हे पाठ केलेलं वाक्य लिहिलं आणि तो पिंजारी आठवला; त्याला हेच खातं हवं होतं. घंटा होताच सायकल दामटत त्याचं दुकान गाठलं. पिंजण भिंतीला टेकवून तो नुसता बसला होता. "पेटीत ठेवलेले. परवा चोरांनी पेटीच नेली," तो म्हणाला. माझ्या बोटांवरची शाई बघून त्यानेच विचारलं, "पेपर कसा गेला, साहेब?" मी निवृत्त झालो, तरी त्याला काय सांगायला हवं होतं, ते अजून सुचलेलं नाही.