कोब्याखालचे झरे

आमच्या बारवेच्या तळाला तीन झरे होते आणि त्यांची नेमकी जागा एकाच माणसाला ठाऊक होती. ते म्हणजे बौद्धवाड्यातले म्हाळूबाबा गवंडी. त्यांच्या आज्यानं या बारवेचा गाळ काढला, बापानं काढला. पण त्याच पाण्याची घागर भरायची त्या दोघांना बंदी होती. म्हाळूबाबांच्या तरुणपणी ती बंदी मोडली. गाळाचं काम मात्र त्यांनी सोडलं नाही. दुसऱ्या कुणी आडदांडपणे हात घातला तर झऱ्याचं तोंड बुजेल, अशी त्यांना धास्ती.

दर वैशाखात बारव उपसली की ते अनवाणी पायांनी तळ चाचपत, झऱ्यांच्या तोंडातली माती बोटांनी काढत आणि तिथंच बसून राहत. पाणी घोट्याला लागल्याशिवाय वर यायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. कधी तास लागे, कधी अर्धा दिवस. त्यांची बायको ताईबाई पायरीवर भाकरी घेऊन बसे आणि सगळ्यांदेखत त्यांची फिरकी घेई, "माझ्यासाठी कवा येवढी वाट बघितली न्हाई ह्यांनी."

आमचं हे घोडनदीकाठचं बाजाराचं गाव. रांजणगावला कंपन्या आल्या आणि गावाला शहर व्हायची घाई झाली. भाड्याच्या खोल्या उठल्या, दारोदार बोअर पडल्या, नळ आले, आणि बारवेत लोक कचरा टाकू लागले. तेव्हा अठ्ठ्याण्णव साली आम्ही शहाण्यांनी बारव सुशोभीकरण समिती काढली. अध्यक्ष आनंदराव बागायतदार, चिटणीस मी. मी शाळेत इतिहास शिकवायचो, त्यामुळे 'वारसा' हा शब्द माझ्या तोंडी सदान्‌कदा असायचा. तळाला सिमेंटचा कोबा, मधोमध कारंजं, कडेनं रंगीत दिवे, असा बेत ठरला. लाज वाटते सांगायला, पण कारंज्याची सूचना माझीच होती.

आनंदरावांनी म्हाळूबाबांना बैठकीला बोलावलं, स्वतःच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, गळ्यात हार घातला. म्हणाले, "मामा, ही बारव तुमची. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागायचा न्हाई हिला." बाबा दोन्ही हातांनी हार चाचपत बसले.

दोन दिवसांनी ते माझ्या घरी आले. हार घालतानाचं तेज तोंडावर नव्हतं.

"गुरुजी, कोबा केल्याव झऱ्यांचं काय? उन्हाळ्यात नळ आटलं की आमची माणसं हितंच येत्यात."

"कारंज्याला तळ पक्का लागतो, बाबा. आता नळाला पाणी आहे ना?"

"तीन भोकं तरी ठिवतो."

"मग तसं आनंदरावांना सांगा."

"हार घाटलाय त्यांनी," ते म्हणाले. "त्यांच्या तोंडावर न्हाई कसं म्हनू?"

त्यांना जमत नव्हतं, तर मी सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. उद्घाटनाचं माझं भाषण लिहून तयार होतं. बाबांनी कोबा केला, आणि त्यांच्या हातचं काम म्हणजे केसाएवढी फट शोधून सापडायची नाही.

कारंजं दीड वर्षात बंद पडलं. त्याचं कुणाला दुःख झालं नाही. पण पुढं पावसानं लागोपाठ पाठ फिरवली आणि २००३च्या उन्हाळ्यात नळ आटले. बौद्धवाड्याला तीन दिवसांनी टँकर येई. त्या रेटारेटीत ताईबाई पडली आणि तिचा उजवा हात मोडला. प्लास्टर घातलेल्या हाताची बायको घरी बसवून बाबा समितीकडे आले. कोबा फोडू द्या, एवढंच मागणं.

आनंदराव म्हणाले, "मामा, शाळांच्या सहली येत्यात बगायला. फोडून इस्कोट करायचा का? रीतसर अर्ज द्या." तो अर्ज मीच लिहिला आणि मीच फायलीला लावला. पुढं महिनाभर बैठक झाली नाही.

एके सकाळी बाबा पहार घेऊन खाली उतरले. पहारीचे आवाज बाजारापर्यंत येत होते. माणसं जमली, मी धावत गेलो, आनंदरावही आले. कुणीच अडवलं नाही. बौद्धवाड्यातल्या बायका हंडे घेऊन पायऱ्यांवर ओळीनं उभ्या होत्या.

पहिल्या जागी कोब्याखाली वाळू निघाली, पार कोरडी. बाबांनी कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. दुसऱ्या जागीही तेच. तिसरी जागा फोडायला दुपार झाली. तिथून त्यांनी गोटे काढले, एकेक हातात घेऊन बघितला आणि बाजूला ठेवला. ओल कशालाच नव्हती.

वरून कुणीतरी म्हणालं, "बोअरींनी खाल्लं पानी. बाबांचा काय दोष?" खरंही असेल, तोवर गावात दोनशेच्या वर बोअर झाल्या होत्या. ते ऐकून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची आजही शरम वाटते. बाबांनी मात्र ते कानावर घेतलं नाही. त्या खड्ड्यात पाय सोडून ते बसले. बायका एकेक करून रिकामे हंडे घेऊन गेल्या. माणसं पांगली. मी दोनदा हाक मारली, त्यांनी वर पाहिलं नाही.

उन्हं कलल्यावर ताईबाई आली. मोडका हात छातीशी धरून, एकेक पायरी जपत ती तळापर्यंत उतरली.

"उठा," ती म्हणाली. "टँकर आलाय. एका हातानं मला हंडा उचलत न्हाई."